हाक्याची कुळकथा

2025च्या दिवाळीच्या सुमारास शाजापूर जिल्ह्यातल्या शेतांवर एक हेलिकॉप्टर फार खालून घिरट्या घालत होते. इंदुरातल्या अन्नपूर्णा मंदिराच्या हत्तींच्या महाद्वारापासून निघून देवास आणि मक्सी मागे टाकली की दोन-अडीच तासांत हा मुलूख लागतो. सोयाबीन निघून गेलेले, गहू अजून पेरायचा, रान मोकळे. हेलिकॉप्टरच्या पुढे काळविटांचा कळप उधळला होता. त्याच्या दोन्ही अंगांना उभारलेल्या कापडी भिंती पुढे पुढे एकमेकींजवळ येत होत्या. कळप अरुंद भागात शिरला, मागे पडदा ओढला गेला आणि काही वेळाने जनावरे अंधाऱ्या ट्रकमध्ये चढली. या मोहिमेत 800हून अधिक काळवीट आणि 60हून अधिक नीलगायी पकडून दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडल्या. पिकांच्या नासाडीने टेकीला आलेला शेतकरी सुटला आणि वनखात्याला हवी तिथे हरणे मिळाली.

सरकारी कागदांत या पद्धतीला ‘बोमा’ म्हणतात आणि हेलिकॉप्टर चालवणारे पथक दक्षिण आफ्रिकेतून आले होते. पण शिकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कुणाही जुन्या जाणत्याने हे पाहिले असते, तर आफ्रिकेचे नाव न काढता तो म्हणाला असता, ‘हा तर हाका!’

हरणाची शिकार म्हटली की बंदूक, धनुष्य, भाला डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात ही हत्यारे अगदी शेवटी लागतात. हरणाचे पाय माणसाहून वेगवान, कान तिखट आणि नाक त्याहून तिखट. अशा जनावराजवळ पोहोचायचे कसे, हा खरा प्रश्न. हाक्याने तो उलटा करून सोडवला. आपण हरणाकडे जायचे नाही, हरणालाच आपल्याकडे पळत यायला लावायचे. त्यासाठी तीनच गोष्टी लागतात: मागून धडकी, बाजूंनी अडसर आणि पुढे अरुंद तोंड. हाक्याचा सारा इतिहास म्हणजे या तीन जागी काय काय आले याचा इतिहास.

त्याचे फार जुने अवशेष जॉर्डनच्या वाळवंटात आहेत. 1920च्या दशकात त्या भागावरून विमाने नेणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना खाली पतंगाच्या आकाराच्या दगडी रेघा दिसल्या. शेपटीसारख्या दोन लांब भिंती, त्या जिथे मिळतात तिथे बंदिस्त आवार आणि आवाराच्या कडेला खोल खड्डे. त्यांना ‘वाळवंटी पतंग’ हेच नाव पडले. त्यांतले काही सुमारे 9000 वर्षांपूर्वीचे, म्हणजे तिथे शेती-पशुपालन पुरते रुजण्याच्या काळातले आहेत. जॉर्डनमध्ये एका दगडावर अशा सापळ्याचा प्रमाणबद्ध नकाशाच कोरलेला मिळाला. 2023 साली तो प्रसिद्ध झाला. गंमत अशी की कित्येक ठिकाणी या भिंती गुडघ्याएवढ्याच होत्या. गझेल हरीण त्या सहज उडी मारून ओलांडू शकते. पण घाबरलेला कळप समोर आडवी रेघ दिसली की ती ओलांडण्याऐवजी तिच्या कडेकडेने पळतो. भिंतीने जनावराला अडवायचे नसते, दिशा द्यायची असते, हे त्या माणसांना कळले होते.

हीच रीत उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी वापरात होती. 1615च्या शरदात सॅम्युएल द शांप्लँ हा फ्रेंच प्रवासी ह्युरॉन आदिवासींबरोबर आजच्या कॅनडातल्या ओंटारियोत होता. त्यांनी जंगलात लाकडी खुंटांचे कुंपण उभारले. त्याच्या दोन बाजू प्रत्येकी सुमारे 1500 पावले लांब होत्या आणि निमुळत्या टोकाला जेमतेम पाच फुटांची वाट एका कोंडवाड्यात उतरत होती. मागून माणसे लाकडे आपटत आणि लांडग्यासारखी ओरडत. 38 दिवसांत 120 हरणे मिळाल्याची नोंद शांप्लँने केली आहे. इथे धडकीसाठी माणसाने लांडग्याचा आवाज उसना घेतला, म्हणजे हरणाच्या मनात आधीच घर करून बसलेल्या भीतीला हाक घातली. आजही अमेरिकेतले शिकारी एकाला झाडावरच्या फळीवर बसवून बाकीच्यांनी रान झोडपत हरणे त्याच्याकडे ढकलण्याची पद्धत वापरतात. ती फळी म्हणजे आपले मचाणच.

आपल्याकडे मृगयेला शास्त्राचा दर्जा मिळालेला दिसतो तो बाराव्या शतकात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेवर स्वतंत्र प्रकरण आहे. हरणे पकडण्याचे आणि मारण्याचे कितीतरी प्रकार तिथे एखाद्या कलेसारखे सांगितले आहेत. शिकवलेला चित्ता हरणावर सोडण्याचा उल्लेखही त्यात येतो. पुढे मोगलांच्या ‘आईन-ए-अकबरी’त पाळीव हरणाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातल्या नराशी झुंजायला सोडण्याची युक्ती नोंदलेली आहे, झुंजीत दुसऱ्याची शिंगे जाळ्यात अडकतात.

मोगलांनी मध्य आशियातून आणलेला मोठा प्रकार मात्र ‘कमरगाह’. चेंगिजखानाच्या मंगोलांसाठी ही शिकार म्हणजे युद्धाची तालीम होती. मैलोन्‌मैल पसरलेले कडे रोज थोडे थोडे आवळत आणायचे, मधून एकही जनावर निसटू द्यायचे नाही. अकबराने 1567 साली लाहोरजवळ असाच कमरगाह केला. हजारो माणसे महिनाभर रान घेरत होती आणि मग बादशहा रिंगणात उतरला. ‘अकबरनाम्या’तले मिस्कीनने रेखाटलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात कडे आहे, हरणे आहेत, चित्ते आहेत आणि मधोमध घोड्यावर एकटा अकबर. ह्युरॉनांच्या हाक्याच्या तोंडाशी पोट होते, इथे सत्ता होती. हरणे किती मिळाली यापेक्षा किती माणसे एका हुकमावर हलली, हे पाहणाऱ्यांच्या मनावर ठसवायचे होते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला फासेपारधी. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात त्यांच्या साधनांचे वर्णन आहे. लांब दोरीला थोड्या थोड्या अंतरावर फास, दोरी जमिनीलगत खुंट्यांनी ठोकलेली. पारध्याकडे हजारो माणसे नसतात. घरातली चार-सहा मंडळी असतात. म्हणून त्याच्या हाक्यात गोंगाट नाही. कळपाच्या मागे लांबून, न घाई करता चालायचे, जनावराला संशय येईल पण भीती वाटणार नाही एवढेच अंतर ठेवायचे. कळप चरत चरत सरकतो आणि फाशांच्या ओळीत पाय घालतो. काही जण शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने चालत. गाईगुरांना न बुजणारे हरीण बैलालाही बुजत नाही. हाक्याच्या कुळात सर्वांत कमी साधने आणि सर्वांत जास्त ज्ञान असलेली शाखा ही. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र पुढे पारध्यांसारख्या भटक्या समाजांवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला आणि तो शिक्का 1952पर्यंत कागदोपत्री कायम राहिला.

संस्थानी काळात हाक्याला पुन्हा थाट आला. इंदूरजवळच्या रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचे शिकारगृह अजून उभे आहे. आता ती टेकडी अभयारण्य आहे. कोल्हापूरकरांना वेगळा षोक होता, चित्त्याचा. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीवरून कळपाजवळ न्यायचे आणि टोपी काढून सोडायचे. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरने ते आफ्रिकेतून आणवले. घनदाट जंगलात मात्र हाक्याला पर्याय नव्हता. मचाण अरुंद खिंडीच्या तोंडाशी बांधायचे. हाकारे ढोल, डबे, थाळ्या बडवत अर्धचंद्रात पुढे यायचे. बाजूंना झाडांवर ‘रोक’ धरून माणसे बसायची. जनावर बाहेर फुटू लागले की ती खोडावर हलकेच टकटक करायची, बस्स. जनावर पुन्हा आत वळायचे. हे हाकारे बहुतेक आसपासच्या खेड्यांतले असत आणि अनेक संस्थानांत हे काम वेठबिगारीचे होते. अंगावर उलटणारे जनावर आधी त्यांना भेटे. कातडे आणि फोटो मात्र मचाणावरच्याचे.

याच काळातली एक युक्ती पुढे फार कामी आली. नेपाळच्या राणांच्या हत्तींवरून होणाऱ्या शिकारीत वाघाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापडाचे लांब पट्टे झुडपांवर टांगत. एका पंजात फाटेल असे ते कापड वाघ सहसा ओलांडत नसे. 1973 साली चितवनात स्मिथसोनियन संस्थेच्या मदतीने वाघांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी हेच कापड, हेच हत्ती आणि हेच हाकारे घेतले. फक्त झाडावर बसलेल्या माणसाच्या हातात भूल देणारी बंदूक आली. वाघाच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधून त्याला सोडून देण्यासाठी झालेले हे हाके होते.

हरणांसाठी असाच बदल त्याच्या काही वर्षे आधी दक्षिण आफ्रिकेत घडला होता. नाताळ प्रांतातल्या राखीव जंगलांत काम करणाऱ्या यान उलोफ्स यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस जाळ्यांऐवजी अपारदर्शक प्लास्टिकचे पडदे लावून पाहिले. जाळे दिसले की जनावर त्यातून पलीकडे पाहते, वाट आहे असे समजून धडक देते आणि मान किंवा पाय मोडून घेते. प्लास्टिकच्या पलीकडचे काही दिसत नाही. ते कितीही पातळ असले तरी जनावराच्या लेखी ती भिंतच. मागून ढोल-थाळ्यांच्या जागी हेलिकॉप्टर आले. जॉर्डनच्या गुडघाभर दगडी रेघेपासून या पडद्यापर्यंत तत्त्व तेच राहिले.

मध्य प्रदेशात ही पद्धत बारशिंग्यासाठी आली. कान्हातल्या कठीण जमिनीवरच्या बारशिंग्यांची संख्या 1970 साली 66वर उतरली होती. ती वाढवल्यावर सगळी जनावरे एकाच जंगलात ठेवणे धोक्याचे होते. एक साथ आली तर सारे संपले असते. म्हणून 2015 साली काही बारशिंगे बोमातून पकडून भोपाळच्या वनविहारात आणि सातपुड्यात हलवले. पाठोपाठ चितळांची पाळी आली. चित्ते परत आणायचे तर आधी त्यांचे ताट भरायला हवे होते. 20 एप्रिल 2025ला कुनो राष्ट्रीय उद्यानातले प्रभास आणि पावक हे दोन नर चित्ते गांधीसागर अभयारण्यात सोडले. हा रामपुरा-भानपुऱ्याचा भाग, एकेकाळचा होळकरी मुलूख. त्याच अभयारण्यात चतुर्भुज नाल्याच्या कातळांवर शेकडो प्राण्यांची आणि शिकाऱ्यांची प्राचीन चित्रे आहेत.

नव्या हाक्याला जुन्याला नसलेली एक अडचण आहे. शिकारीत हरीण दमून कोसळले तर काम सोपेच होई. पकडून जिवंत ठेवायचे असेल तर दमणेच घातक. अति धावण्याने आणि भीतीने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतले घटक रक्तात उतरून मूत्रपिंड आणि हृदय बिघडवतात. वरवर धडधाकट दिसणारे जनावर काही तासांनी किंवा दिवसांनी मरते. म्हणून पाठलाग थोडा, गारव्याच्या वेळी, आणि कळप आत आला की सगळे चिडीचूप. ट्रकमध्ये अंधार, माणसांनी कुजबुजायचेही नाही. धडकी भरवणे ही हाक्याची जुनी विद्या. ती वेळेवर थांबवणे हे त्यात पडलेले नवे ज्ञान. म्हणायला नवे, कारण न बुजवता कळप सरकवणे पारधी पिढ्यान्‌पिढ्या करत होता. पन्नाच्या जंगलात आता काही पारधी तरुण पर्यटकांना रान दाखवतात. पण जनावरे पकडण्याच्या मोहिमा आखल्या जातात तेव्हा या समाजाकडे जाणकार म्हणून पाहायची सवय अजून आपल्याला लागलेली नाही.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, ती केवळ ठार मारण्यापाशी थांबत नाही. चित्त्यासारखे जनावर मागे सोडून पाठलाग करणे, फास लावणे, सापळा लावणे, हाकून नेणे या सगळ्या गोष्टी त्या व्याख्येत आहेत. म्हणजे कोल्हापूरचे चित्तेवान, फासेपारधी आणि रालामंडलचे हाकारे असे सारे कूळ कायद्याने एकाच वाक्यात बसवले आहे. याच कायद्याने वन्यजीवांच्या स्थलांतरासाठी खास परवानगीची वाट ठेवली आहे. शाजापूरच्या शेतांत जे घडले ती कायद्याच्या भाषेत शिकारच होती, परवाना घेऊन केलेली. हाक्याचे कूळ त्यामुळे बुडाले नाही. हाका कोण करतो आणि कशासाठी करतो, याचा हिशेब मात्र आता लेखी द्यावा लागतो. अकबराला तो कुणी विचारला नव्हता.