बोलिंग चेंडूची पारख : लाकडापासून रेझिनपर्यंत

टेनपिन बोलिंगचा नवा चेंडू बाजारात आला की तो किती वळतो आणि कोणत्या खेळाडूला मानवतो, हे दोन प्रश्न आज एकत्रच विचारले जातात. परंतु या खेळाच्या संघटित इतिहासातील पहिली सहा-सात दशके त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाला फारसा अर्थच नव्हता. १८९५ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन बोलिंग काँग्रेस या संस्थेची स्थापना झाली आणि खेळाची मापे व नियम यांत एकसूत्रता आली. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट लांबीची लेन, तिच्या टोकाशी त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना आणि जास्तीत जास्त १६ पौंड वजनाचा चेंडू ही चौकट एकदा पक्की झाल्यावर चेंडूची निवड प्रामुख्याने दोनच गोष्टींवर ठरू लागली : हाताला पेलणारे वजन आणि बोटांना नीट बसणारी छिद्रे. त्यापुढचे सर्व कौशल्य खेळाडूच्या मनगटाचे मानले जाई.

सुरुवातीचे चेंडू लिग्नम व्हायटी या कॅरिबियन प्रदेशातील वृक्षाच्या लाकडाचे असत. हे लाकूड इतके घट्ट आणि जड असते की ते पाण्यात बुडते. पण ते लाकूडच असल्यामुळे कालांतराने त्याला चिरा पडत, कपचे उडत आणि गोलाई बिघडे. अशा चेंडूची पारख म्हणजे त्यातील दोषांचीच पारख होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कठीण रबराचे चेंडू आले, ब्रन्सविक कंपनीच्या ‘मिनरलाइट’ या रबरी चेंडूने या बदलाला मोठा हातभार लावला आणि पुढील अर्धशतक रबरानेच गाजवले. रबरी चेंडू टिकाऊ होता, त्याची गोलाई भरवशाची होती आणि मुख्य म्हणजे एक चेंडू दुसऱ्यासारखाच वागत असे. त्या काळातील लाकडी लेनवर शेलॅक, म्हणजे लाखेपासून केलेले रोगण, चढवलेले असे. कठीण रबर आणि ते रोगण यांच्यातील घर्षणाचा अंदाज सरावाने बांधता येत असल्यामुळे कोणता चेंडू कोणाला मानवेल, असा भेद करण्याची गरज क्वचितच पडे.

१९६० च्या सुमारास पॉलिएस्टरचे, बोलीभाषेत ‘प्लास्टिक’चे, रंगीबेरंगी चेंडू आले, मात्र त्यांच्यामुळे झालेला खरा बदल रंगाचा नसून मऊपणाचा होता. लेनवरची रोगणे दशकागणिक अधिक टणक होत गेली आणि त्यांच्या संरक्षणासाठी पुढच्या भागावर तेलाचा थर देण्याची प्रथा वाढत गेली, त्यामुळे कठीण चेंडू घसरून सरळ जाऊ लागला. यावर काही खेळाडूंनी काढलेला उपाय विलक्षण होता : चेंडू रासायनिक द्रावकात भिजवत ठेवायचा, म्हणजे त्याचा पृष्ठभाग मऊ होऊन लेनची पकड घेतो. डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने १९७३ मध्ये असेच भिजवलेले चेंडू वापरून सहा विजेतेपदे मिळवली आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे द्रावक ज्वलनशील असल्यामुळे ही युक्ती धोक्याची होती, शिवाय स्पर्धेच्या न्याय्यतेचाही प्रश्न उभा राहिला. तेव्हा व्यावसायिकांच्या संघटनेने आणि पाठोपाठ अमेरिकन बोलिंग काँग्रेसने कठिणतेची किमान मर्यादा घालून दिली. ती ड्युरोमीटरने, म्हणजे पृष्ठभागात सुई दाबून कठिणता मोजणाऱ्या उपकरणाने, तपासली जाई, आणि काँग्रेसने ठरवलेला आकडा ७२ होता. खेळाडूच्या कसबाखेरीज चेंडूचा पृष्ठभागही निकाल बदलू शकतो, ही गोष्ट नियमांनी अशा प्रकारे प्रथमच मान्य केली.

१९८० च्या दशकाच्या आरंभी युरेथेनचे चेंडू आले. कठिणतेच्या नियमात राहूनही युरेथेन लेनची अधिक पकड घेत असे, म्हणून तो भिजवलेल्या प्लास्टिकचा कायदेशीर वारसदार ठरला. दशकभराने ‘रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन’ आले. हे मुळात युरेथेनच, पण त्यात मिसळलेल्या द्रव्यांमुळे पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रंध्रे तयार होतात आणि ती लेनवरचे तेल शोषून घेतात. असा चेंडू तेलकट भागात घसरत जाऊन आपली शक्ती राखून ठेवतो आणि कोरड्या भागात पोचताच जोरात वळतो. पहिली आणि तिसरी पिन यांच्यामधील जागेत, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूच्या ‘पॉकेट’मध्ये, चेंडू सुमारे ६ अंशांच्या कोनात शिरल्यास स्ट्राइकची, म्हणजे पहिल्याच फेकीत दहाही पिना पाडण्याची, शक्यता वाढते, सरळ टाकलेल्या चेंडूला हा कोन मिळतच नाही.

‘मानवणारा चेंडू’ ही कल्पना येथे जन्माला आली. १९७० च्या दशकात मार्क रॉथ मनगटाच्या जोराने चेंडूला प्रचंड फिरकी देई आणि अशा खेळाडूंना ‘क्रँकर’ म्हटले जाई, तर संथ व तोलून टाकणाऱ्या ‘स्ट्रोकर’ परंपरेचा आदर्श म्हणजे डावखुरा अर्ल अँथनी होता. रॉथला जे वळण शरीराच्या श्रमाने मिळवावे लागे, ते रेझिनच्या चेंडूने स्ट्रोकरलाही काही अंशी मिळवून दिले. याचा परिणाम गुणसंख्येवरही दिसला : सलग बारा स्ट्राइकने पूर्ण होणारे ३०० गुणांचे डाव अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका हंगामात हजाराच्या आत नोंदले जात, ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस तीस हजारांपलीकडे गेले. या वाढीमागे लेनवर सोयीस्करपणे तेल पसरण्याच्या पद्धतीही होत्या, त्यामुळे सारे श्रेय किंवा सारा दोष चेंडूच्या माथी मारता येत नाही.

याच काळात चेंडूच्या आतील गाभ्याला महत्त्व आले. वस्तुमान केंद्रापासून किती दूर विखुरलेले आहे, हे ‘आरजी’ या मापाने सांगितले जाते आणि नियमानुसार ते २.४६ ते २.८० इंचांच्या दरम्यान असावे लागते. वेगवेगळ्या अक्षांवरील आरजीतील फरक, म्हणजेच ‘डिफरन्शियल’, ०.०६० इंचांपेक्षा अधिक चालत नाही. कमी आरजीचा चेंडू लवकर फिरू लागतो, तर अधिक डिफरन्शियलमुळे चेंडूचा अक्ष सरकत राहून प्रत्येक फेऱ्याला पृष्ठभागाचा नवा, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो. तरीही २००५ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने चेंडूच्या गतीचा जो अभ्यास केला, त्यात गाभ्यापेक्षा पृष्ठभागाचा खरखरीतपणा अधिक प्रभावी ठरला. साध्या पॉलिश कागदाने चेंडू घासला तरी त्याचे वर्तन बदलते ते याच कारणाने.

आज पारख करणारे चेंडूकडे पाहण्याआधी खेळाडूचा वेग आणि मिनिटाला पडणारे फेरे यांचे गुणोत्तर पाहतात. ज्याचा वेग फेऱ्यांच्या मानाने जास्त, त्याला खरखरीत पृष्ठभागाचा, लवकर पकड घेणारा चेंडू उपयोगी पडतो; ज्याची फिरकी वेगावर मात करते, त्याच्या हातात तोच चेंडू वेळेआधी वळून पॉकेट चुकवतो, म्हणून त्याला गुळगुळीत पृष्ठभागाचा चेंडू सोयीचा ठरतो. नवशिक्याला आणि कोपऱ्यात उरलेली एकटी पिन पाडू पाहणाऱ्या निष्णात खेळाडूलाही मात्र जुना प्लास्टिकचा चेंडूच मानवतो, कारण तेथे वळण नको असते. रेझिनची रंध्रे तेलाने भरत गेल्यावर चेंडूचा जोर ओसरतो आणि खेळ चालू असताना लेनवरचे तेलही सरकत असते, त्यामुळे पहिल्या डावात खरा ठरलेला निष्कर्ष तिसऱ्या डावात टिकेलच असे नाही.

२०२० पासून बोटे न घालता केवळ तोल साधण्यासाठी पाडलेल्या जादा छिद्राला बंदी झाली आणि २०२२ मध्ये कठिणतेच्याच निकषावरून काही चेंडूंना राष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आले. म्हणजे १९७० च्या दशकातला वाद अर्धशतकानंतरही मिटलेला नव्हता. नियामक संस्था कठिणता, आरजी आणि डिफरन्शियल मोजू शकतात, कारण हे गुण एकट्या चेंडूचे आहेत. तो कोणाला मानवेल हे मात्र हात, तेल आणि पृष्ठभाग यांच्या मेळावर ठरत असल्यामुळे त्याचा आकडा कोणत्याही मान्यतापत्रावर छापता येत नाही, आणि म्हणूनच एकाच खेळाडूने एकाच लेनवर दिलेला अभिप्राय कितीही प्रामाणिक असला तरी तो इतरांसाठी अपुरा राहतो.