लिनक्सच्या नेटवर्कमधली भाऊबंदकी

डिंगोऱ्यात घरच्या वायफायवर चालणारा लिनक्सचा लॅपटॉप ओतूरला पोचला की मोबाईलच्या हॉटस्पॉटवर येतो. लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात यंत्राचं असं फिरणं कुणी धरलंच नव्हतं. यंत्र टेबलावर, तार एक, पत्ता ठरलेला. डेबियन या लिनक्स वितरणात अँथनी टाउन्स यांनी लिहिलेल्या, नेटवर्क जोडणाऱ्या इफअपडाउनला 'इंटरफेसेस' नावाची एक साधी फाइल पुरायची.

लॅपटॉप वाढले आणि 2004 मध्ये रेड हॅटनं नेटवर्कमॅनेजर आणला. आसपास कोणतं नेटवर्क आहे ते बघून हा स्वतःच जोडणी करतो. पण जुनी अवजारंही चालूच राहिली, आणि भांडणाचं मूळ तिथं आहे.

सातबाऱ्यावरच्या एकाच गटात दोघांनी नांगर घालावा, तशी गत होते. दोन्ही प्रोग्रॅम राउटरकडे पत्ता मागतात, दोन्ही आपापला मार्ग टाकतात. सगळ्यात जास्त ओढाताण 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' या चिमुकल्या फाइलची. संकेतस्थळाचं नाव कोणत्या सर्व्हरला विचारायचं, मुख्यतः तेच तिच्यात असतं. पण शेवटी लिहील त्याचं चालतं. म्हणून बिघाड लगेच कळत नाही. काम सुरळीत सुरू होतं, मग राउटरनं दिलेल्या पत्त्याची मुदत वाढवताना दुसरा प्रोग्रॅम ती फाइल नव्यानं लिहून टाकतो. आकडी पत्त्यावर पिंग जातो, नावानं मात्र काही उघडत नाही. माणूस राउटर बंद-चालू करत बसतो, आणि राउटरचा काहीच दोष नसतो! याच फाइलसाठी थॉमस हूड यांनी डेबियनमध्ये रिझॉल्व्हकॉन्फ नावाचा मध्यस्थ लिहिला.

डेबियननं वाटणीही करून दिली: 'इंटरफेसेस'मध्ये नोंदलेल्या जोडणीला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. पडद्यावरचा 'अनमॅनेज्ड' हा शेरा बहुतेकदा या वाटणीचाच. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो.

2014 मध्ये सिस्टमडी-नेटवर्कडी आलं, म्हणजे आणखी एक वाटेकरी. 2017 च्या उबुंटू 17.10 पासून नेटप्लॅन वरून हुकूम देतं आणि प्रत्यक्ष काम डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजर, सर्व्हरवर नेटवर्कडी करतं. रास्पबेरी पायनं 2023 मध्ये डीएचसीपीसीडी हे पत्ता मागणारं जुनं अवजार सोडून नेटवर्कमॅनेजर धरला. त्यामुळे जुन्या पुस्तकातली कृती नव्या यंत्रावर जशीच्या तशी केली, की पुन्हा दोन धनी उभे राहतात.

नवं अवजार बसवण्याआधी कोणतं चालू आहे, ते 'सिस्टमसीटीएल' या आज्ञेनं बघून घ्यावं. नको असलेलं नुसतं 'स्टॉप' करू नये, 'डिसेबल'ही करावं. नाहीतर यंत्र पुन्हा सुरू होताच तेही उठून कामाला लागतं.