वढवाणा : तलाव आणि त्याचे पाहुणे

सयाजीराव महाराजांचे नाव निघताच आम्हां बडोदेकरांना ग्रंथालये आणि १९०६ चे सक्तीचे शिक्षण आठवते; तलाव सहसा आठवत नाही. वस्तुतः डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव त्यांच्याच राज्यकारभारात झाला. छप्पनिया दुष्काळाने (१८९९-१९००) गुजरात होरपळल्यानंतर दशकभराने, १९०९-१० च्या सुमारास, ओरसंग नदीचे पाणी आणून तो शेतीसाठी बांधला गेला. पक्ष्यांचा विचार त्यामागे नव्हता. तरीही आज हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब दर हिवाळ्यात येथे उतरतात. २०२१ साली तलावास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

यातील मर्म ध्यानी घ्यावयास हवे. रब्बीच्या पिकांना पाणी सुटते, तसतसे तळे ओसरते, उथळ काठ उघडे पडतात आणि त्याच चिखलात तुतवारांना किडे-अळ्या मिळतात. शेतकऱ्याचा कालवा असा पक्ष्यांचेही ताट मांडतो. उद्या सहलीच्या शोभेसाठी तळे सदैव काठोकाठ ठेवले, तर पीक आणि पाहुणे दोन्ही अंतरतील. कालवा वाहता ठेवणे हेच महाराजांचे खरे स्मारक होय, असे आम्हांस वाटते.