मानखुर्द ते रंगभवन, 1990

साल 1990. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात आणि ट्रॉम्बे कोळीवाड्यात राहता. वाळत घातलेल्या जवळ्याचा वास गल्लीभर पसरलाय. आई दारातून बजावते, "शेवटची गाडी चुकवू नकोस." आज तुम्ही रॉक मशीन या मुंबईच्या रॉक बँडला ऐकायला रंगभवन या खुल्या नाट्यगृहात निघालात. नेमकी तारीख शोधू नका. अशा संध्याकाळी तेव्हा तिथे अनेकदा रंगत, त्यातलीच ही एक समजा.

बेस्टच्या बसने मानखुर्द गाठता. हार्बर लाइन अजून इथेच संपते. खाडीच्या पुलावरून वाशीला गाडी जायला अजून दोन वर्षं आहेत. त्यामुळे लोकल इथून रिकामी सुटते आणि खिडकी मिळते. गोवंडी, चेंबूर, कुर्ला, वडाळा, शिवडी, रे रोड. कानात मित्राचा वॉकमन, त्यात रॉक मशीनचा 1988 साली आलेला अल्बम 'रॉक अँड रोल रेनिगेड'. मूळ कॅसेट तुम्ही काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये हातात घेऊन पाहिली होती आणि परत ठेवली होती. ही कॉपीची कॉपी आहे. खरखरीत बास गिटार बुडालीय, दोन गिटारी मिसळून एक झाल्यात. तरी प्रत्येक गाणं पाठ आहे.

व्हीटी स्टेशनला उतरून महापालिकेची इमारत मागे टाकता. मग किल्ला कोर्ट, कामा हॉस्पिटल आणि पलीकडे सेंट झेवियर्स कॉलेज. हा रस्ता नीट लक्षात ठेवा. इथेच रंगभवनची गल्ली आहे.

आत उघडं आभाळ. कुलाब्याची, वांद्र्याची, डोंबिवलीची पोरं शेजारी शेजारी बसलीत. पुढच्या ओळीतला एकजण मागे वळून विचारतो, "कुठून आलास?" ट्रॉम्बे म्हटल्यावर सरकून जागा देतो. याच आवारात 1978 साली पहिली जॅझ यात्रा भरली होती, सनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक इथे वाजवून गेला. फरहाद वाडियांनी 1986 साली सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सवही इथेच फुलला.

दिवे पडतात. मार्क मेनेझिसच्या ड्रमचा पहिला ठोका बरगड्यांत बसतो. मग मार्क सेल्विनची बास, जी तुमच्या कॅसेटवर कधी उमटलीच नव्हती. महेश तिनईकर आणि जयेश गांधी यांच्या गिटारी आता वेगवेगळ्या ऐकू येतात. एक गाण्याचा कणा धरून राहते, दुसरी त्याच्याभोवती फिरते. झुबिन बालापोरियाचा कीबोर्ड मधली पोकळी भरतो. उदय बेनेगल माइकजवळ येतो आणि तुम्ही त्याच्याआधीच गायला लागता.

मागून कोणीतरी परदेशी बँडचं गाणं वाजवा म्हणून ओरडतं. तेव्हाच्या मुंबईत हे रोजचंच. रॉक म्हणजे दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणं, अशीच बहुतेकांची समजूत. रॉक मशीनही 1984 साली त्याच वाटेने निघालं होतं. पण आज ते स्वतःचं गाणं सुरू करतात आणि अख्खं रंगभवन ते म्हणू लागतं. शब्द इंग्रजी आहेत, पण गाणं याच शहरात जन्मलेलं आहे. ते लिहिणारी माणसं तुमच्यापासून वीस पावलांवर उभी आहेत. आपल्या गावातली पोरं आपलं गाणं करू शकतात, हे तुम्हाला आज पहिल्यांदा पटतं.

घसा बसलेला, कान गुणगुणताहेत. तुम्ही धावत व्हीटी गाठता आणि शेवटची गाडी पकडता.

आता वर्षं भराभर पुढे जाऊ द्या. 1993 मध्ये रॉक मशीनचं 'इंडस क्रीड' झालं. 1997 मध्ये बँड थांबला, 2010 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि 2012 मध्ये त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. बँड परतला, पण रंगभवन परतलं नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येऊ लागला. तुम्ही चालत आलात त्या रस्त्यावर ही तिन्ही होती. नव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले जलसे बंद पडले. 2016 मध्ये रिदम हाऊसही मिटलं.

रुग्णाला शांतता हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण जे ठिकाण काढून घेतलं, त्याच्या बदल्यात शहराने दुसरं द्यायला हवं होतं: लोकलने पोचता येईल असं, कमी तिकिटाचं, खुलं. मोठ्या पैशांच्या महोत्सवांनी ती उणीव भरत नाही. आजही मानखुर्द-ट्रॉम्बेत गाणी लिहिणारी पोरं आहेत. महापालिकेने आणि राज्य सरकारने उपनगरांत त्यांच्यासाठी अशी एक जागा उभारावी. आणि आपण? आवडता बँड जवळपास वाजवणार असेल, तर पुढच्या वेळी बघू असं म्हणू नका. तिकीट काढा आणि जा.