मग मीठ कुठे जातं?

साल १९८१ असावं. आठवीला भूमध्य समुद्र शिकवत होतो. चहूबाजूंनी जमीन, कडक ऊन, पाऊस बेताचा. जेवढं पाणी वाफ होऊन जातं तेवढं नद्या आणि पाऊस भरून देत नाहीत, म्हणून जिब्राल्टरमधून अटलांटिकचं पाणी सतत आत येतं. एवढं सांगून फळा पुसायला वळलो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, वाफ तर बिनमिठाची असते. मग आत आलेलं मीठ कुठे जातं?"

मिठागरावरच्या कामगाराचा मुलगा. हा प्रश्न त्यालाच पडायचा! मला उत्तर येत नव्हतं. "हे परीक्षेला नाही, खाली बस," म्हणालो. वर्षभर त्याने मला पुन्हा काही विचारलं नाही.

निवृत्तीनंतर वाचायला सवड झाली, तेव्हा कळलं की हे कोडं सतराव्या शतकातल्या भल्याभल्यांनाही पडलं होतं. एडमंड हॅली (तोच, धूमकेतूवाला) याने १६८७ साली भांड्यात खारं पाणी घेऊन मंद तापवलं, दोन तासांनी किती वजन घटलं ते पाहिलं आणि त्यावरून भूमध्य समुद्राचा हिशेब मांडला: रोज ५२८ कोटी टन वाफ. (त्यांचा टन म्हणजे पिंपाचं माप बरं का, आपला नव्हे.) नाईल, डॅन्यूब, पो वगैरे नऊ मोठ्या नद्या प्रत्येकी दहा थेम्सएवढ्या धरल्या, तरी आवक जेमतेम १८३ कोटी. तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी वर!

पण मिठाची किल्ली त्याआधीच सापडली होती. बोलोन्याचा लुइजी मार्सिली विशीत असताना, १६७९ साली इस्तंबूलला गेला. बॉस्फरसमध्ये वरचं पाणी काळ्या समुद्राकडून वाहत येतं, पण खाली उलटा प्रवाह आहे, हे तिथल्या कोळ्यांना ठाऊक होतं. याने दोरीला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधून ती खाली सोडली. वरचे तुकडे एकीकडे गेले, खालचे दुसरीकडे! मग पेटीत मधे फळी घालून एका बाजूला जास्त खारं, दुसरीकडे कमी खारं पाणी भरलं. फळीची दोन भोकं उघडताच जड पाणी तळाने गेलं, हलकं वरून आलं. १६८१ साली त्याने हे छापलं. (पुढे १६८३ला तुर्कांनी पकडून त्याला गुलाम म्हणून विकलं, पण ती गोष्ट वेगळी.)

जिब्राल्टरलाही दोन मजले आहेत, फक्त दिशा उलट. कमी खारं पाणी वरून आत, जास्त खारं तळाने बाहेर. मीठ असं जातं.

पण नुसत्या उन्हाने हे भागत नाही. हिवाळ्यात फ्रान्सकडून मिस्ट्राल नावाचा कोरडा, थंड वारा लायन्सच्या आखातावर सुटतो. आधीच खारट झालेलं पाणी गार होऊन आणखी जड होतं आणि बुडतं. १९६९च्या हिवाळ्यात संशोधकांच्या जहाजांनी ते सुमारे २००० मीटरपर्यंत ढवळलेलं पाहिलं. मी मात्र वर्गात वारा नि समुद्र वेगवेगळ्या तासांना शिकवत आलो.

इराणच्या आखाताचंही तेच. तिथलं जड, खारट पाणी होर्मुझमधून तळाने निघतं आणि आपल्या अरबी समुद्रात दोन-तीनशे मीटर खोलीवर पसरतं. तो मुलगा आता साठीला टेकला असेल. कुणाला ठावठिकाणा माहीत असेल तर मला जरूर कळवा.