कंसांची भाषा



कामगार चळवळीतला माणूस संगणकाच्या भाषेवर बोलायला उभा राहतो, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु नांदेडची कापडगिरणी बंद पडली आणि साच्यावर राबणाऱ्यांची नातवंडे आज संगणकापुढे बसू लागली आहेत. त्या यंत्राची भाषा आपल्या आवाक्याबाहेरची, असे आधीच ठरवून टाकणे मला मान्य नाही. म्हणून अशा एका भाषेचा इतिहास आणि तिचे व्याकरण मी आज आपणापुढे ठेवणार आहे. तिचे नाव लिस्प.

तिचा कर्ता जॉन मॅकार्थी १९२७ साली बोस्टनमध्ये जन्मला. वडील आयर्लंडहून आलेले कामगार संघटक. आई लिथुआनियातून आलेली ज्यू. या मुलाने लहानपणीच महाविद्यालयाची गणिताची पुस्तके मिळवून ती एकट्याने अभ्यासली. त्या काळी संगणक मुख्यतः आकडेमोडीसाठी वापरीत. मॅकार्थीला यंत्राकडून नावे, वाक्ये, तर्क हाताळून घ्यायचे होते. त्यासाठी १९५८ साली त्याने याद्यांवर चालणारी ही भाषा योजली. तिच्यावरील त्याचा निबंध एप्रिल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात आपले महाराष्ट्र राज्य जन्मले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक कामाला लागला.

आता व्याकरण पाहू. मराठीत क्रियापद शेवटी येते: दोनात तीन मिळव. शाळेतल्या गणितात चिन्ह मध्ये येते: २ + ३. लिस्पमध्ये करायची क्रिया सर्वांत पुढे येते आणि सगळे वाक्य कंसात बसते:

(+ २ ३)

उत्तर ५. शब्दाशब्दांत मोकळी जागा हवी, एवढेच पथ्य. समजा, लातूरच्या अडत बाजारात एका हमालाने ४० पोती वाहिली, दर पोत्यामागे १२ रुपये, वर ५० रुपये भत्ता. हिशेब असा मांडावा:

(+ (* ४० १२) ५०)

आतला कंस आधी सुटतो, ४८० होतात. मग बाहेरचा सुटून ५३०. शाळेत घोकलेल्या 'कंचेभागुबेव'मधला फक्त कंस इथे उरतो. आधी काय करायचे, ही शंकाच राहत नाही.

नवशिक्या अडखळतो तो पुढच्या पायरीवर. (नांदेड लातूर परभणी) असे लिहिले, तर यंत्र पहिल्या शब्दाला हुकूम समजते, आणि 'नांदेड' नावाची क्रिया त्याला ठाऊक नसते. म्हणून कंसापूर्वी एक खूण घालतात:

'(नांदेड लातूर परभणी)

अर्थ असा, की हा हुकूम नव्हे, ही नुसती यादी आहे. यादीतले पहिले नाव काढणाऱ्या क्रियेस 'कार' म्हणतात; तिचे उत्तर नांदेड. उरलेली यादी देणारी ती 'कुडर'. तिचे उत्तर (लातूर परभणी). ही विचित्र नावे आयबीएम ७०४ या जुन्या यंत्राच्या अंतर्गत रचनेवरून पडली. हुकूम आणि यादी यांचे रूप एकच असल्यामुळे लिस्पमधला कार्यक्रम दुसरा कार्यक्रम वाचू शकतो, लिहूही शकतो. या भाषेचे खरे सामर्थ्य हेच.

एक गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते. कोणत्याही लिस्प वाक्याचे उत्तर कसे काढावे, याचा नियम मॅकार्थीने लिस्पमध्येच मांडला होता, पण केवळ सिद्धांत म्हणून. त्याचा सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाला, हे मी यंत्रावर उतरवतो. मॅकार्थीने त्याला सांगितले, की तू सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करतो आहेस. रसेलने तरीही ते काम केले आणि भाषा चालू लागली. मॅकार्थीच्या मनात पुढे निराळी, कमी कंसांची लेखनपद्धती आणायची होती. पण प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या हाती कंसच रुळले आणि तेच टिकले. विद्वानाच्या बुद्धीला राबणाऱ्या हाताची जोड मिळाली, तेव्हाच हे घडले.

मॅकार्थी २०११ साली वारला; त्याची भाषा आजही वापरात आहे. तेव्हा घरी गेल्यावर मुलाच्या वहीत कंस दिसले तर भिऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि दोनच प्रश्न विचारा: कंसातला पहिला शब्द कोणता, आणि उघडलेला प्रत्येक कंस मिटला आहे ना? एवढे विचारता आले, की ती भाषा आपल्याला परकी राहिली नाही.