बोंडअळीची 'सवय' आणि डार्विनचा विचार

बिडकीनच्या परिसरात कपाशीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : 'अळीला आता बीटीची सवय झाली.' वाक्य सोसलेल्या नुकसानीतून आलेले आहे, म्हणून ते हसण्यावारी नेणे आम्हांस योग्य वाटत नाही. तथापि त्यातला 'सवय' हा शब्द आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही हे पाहू लागलो म्हणजे नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त आपल्याच शिवारात भेटतो.

सवयीची कल्पना तशी जुनी. प्राणी जी सवय लावून घेतो तिने त्याचे शरीर पालटते आणि तो पालट पिलांत उतरतो, असे फ्रान्समधील लामार्क या पंडिताने १८०९ साली मांडले. योगायोग असा की डार्विनचा जन्म त्याच वर्षीचा. १८५८ साली डार्विन आणि वॉलेस या दोघांचे लेख लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले, आणि पुढच्याच वर्षी डार्विनचा ग्रंथ निघाला. त्यांचे म्हणणे निराळे होते. एकाच जातीचे जीव हुबेहूब सारखे नसतात. जगू शकतील त्याहून कितीतरी अधिक जन्मतात. ज्यांचे वेगळेपण त्या परिस्थितीत कामी येते ते तगतात आणि त्यांचाच वंश वाढतो. म्हणजे वेगळेपण आधी, निवड नंतर. हा क्रम उलटा धरला की सगळेच बिघडते.

आता शेतात येऊ. २००२ च्या मार्चमध्ये आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ते पहिले संकरित वाण आपल्या शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीचे होते. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक त्या झाडांत घातलेला असल्याने झाड स्वतःच अळीचे विष तयार करते. अळीने बोंड कुरतडले की ते विष तिच्या आतड्याला चिकटते, आतडे सच्छिद्र होते आणि अळी मरते. परंतु असंख्य शेंदरी अळ्यांत एखादीच्या आतड्याची घडण मुळातच किंचित निराळी असते. तिथे विष नीट चिकटत नाही. बीटी नव्हते तोवर या निराळेपणाला काहीच किंमत नव्हती. बीटी आले आणि बाकीच्या मेल्या. मेलेल्या अळीला सवय लागायला वेळ तरी कुठे मिळतो? जी उरली तिच्याच पतंगांनी पुढची अंडी घातली.

गुजरातेत २००९ च्या हंगामात पहिल्या विषाला न जुमानणाऱ्या शेंदरी अळ्या आढळल्या. दोन विषांचे बियाणे २००६ सालीच आले होते. २०१५ च्या सुमारास तिथे तेही तोकडे पडले. २०१७ साली महाराष्ट्रात डोमकळ्या आणि किडकी बोंडे यांनी शेतकरी हवालदिल झाला. फरदड ठेवण्याच्या चालीने अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळत गेले, म्हणजे निवडीला आणखी पिढ्या मिळाल्या.

यावर उपाय आधीच योजलेला होता. निराळेपण आई व बाप या दोघांकडून आले तरच अळी बहुधा पुरती तगते. म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी मिळे. साध्या ओळींतले पतंग तगलेल्या पतंगांशी जुळावेत आणि त्यांची प्रजा बीटीवर मरावी, हा त्यातला हेतू. अमेरिकेतील अॅरिझोना प्रांतात अशा ओळी नेटाने राखल्या गेल्या, तिथे अळी बरीच वर्षे आटोक्यात राहिली. पुढे वांझ पतंग सोडण्याची जोड मिळून २०१८ साली तो देश या अळीतून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे पुष्कळांनी ती पुडी पेरलीच नाही. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण चार एकरांच्या धन्याला अळीसाठी काही ओळी सोडायला सांगताना त्या कशासाठी, हे कोणी बांधावर बसून समजावले होते? पुढे दोन्ही बियाणी एकाच पिशवीत मिसळून देण्याची पद्धत आली. तोवर शिवारात तगलेल्यांचीच संतती उरली होती.